फोनचे अपडेट कोठून येते आणि ते कसे घ्यावे

गुहागर किंवा देवगडच्या दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या दोन फोनांपैकी एकाला अपडेट येते आणि दुसऱ्याला येत नाही, तेव्हा दोष बहुधा सिमकार्डाच्या कंपनीला दिला जातो. वास्तविक भारतात बहुतेक फोन खुल्या बाजारात विकले जात असल्याने तिचा यात फारसा हात नसतो. अँड्रॉइडची नवी आवृत्ती गूगल तयार करते, चिप बनवणारी कंपनी ती आपल्या चिपशी जुळवते, आणि त्यानंतर फोनची कंपनी स्वतःचे बदल करून, चाचणी घेऊन, ती टप्प्याटप्प्याने सोडते. आयफोनला अपडेट थेट अ‍ॅपलकडून मिळते.

अँड्रॉइड फोनवर प्रथम सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’मध्ये सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेतील त्रुटी बुजवणाऱ्या शेवटच्या दुरुस्तीची, तारीख पाहावी. त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर मला ही तारीख नव्या आवृत्तीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. ती बरीच जुनी असल्यास ‘सॉफ्टवेअर अपडेट’ उघडून स्वतः तपासावे. फोटोंचा बॅकअप आधी घ्यावा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असतानाच, शक्यतो वायफायवर, अपडेट सुरू करावे.

नवा फोन घेताना अपडेट किती वर्षे मिळणार हे अवश्य विचारावे. 2024 च्या गॅलेक्सी एस24 ला सॅमसंगने सात वर्षांचे आश्वासन दिले आहे. स्वस्त फोनांना ही मुदत पुष्कळ कमी असते, आणि ती सहसा खरेदीपासून नव्हे, तर मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते.