कुत्र्या-मांजरांना डिप्रेशनची गोळी देताना या चुका टाळा

कुत्रा दिवसभर पाय चाटतो, मांजर पोटावरचे केस उपटतं, की मालक पहिल्याच भेटीत विचारतात, "डॉक्टर, डिप्रेशनची गोळी चालू करायची का?" आधी पिसवा, खरूज, बुरशी आणि खाण्याची अ‍ॅलर्जी बघू द्या. अंगावर पिसवा असताना फ्लुओक्सेटिननं, म्हणजे डिप्रेशनच्या गोळीनं, खाज जायची नाही.

दुसरी चूक घाईची. फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन या दुसऱ्या गोळीचा गुण यायला चार ते आठ आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत भूक मंदावते, कुत्रा सुस्तावतो, आणि दहाव्या दिवशी "काहीच फरक नाही" म्हणून गोळी बंद! मी कॅलेंडरवर रोज एक ओळ लिहायला सांगते: किती वेळ चाटलं, किती खाल्लं. बरं वाटल्यावर एका दिवसात गोळी बंद करणंही तितकंच वाईट. डोस हळूहळूच उतरवायचा.

पण माझा जीव खरा घाबरतो तो गोचिडांच्या औषधाला. एक लॅब्रेडॉर घरी एकटा राहिला की दार ओरबाडायचा. सहा आठवडे फ्लुओक्सेटिन घेऊन छान शांत झाला होता. पावसाळ्यात गोचिडं झाली, मालकांनी दुकानातून अमिट्राझ आणून त्या पाण्यानं त्याचं अंग धुतलं. रात्री माझ्याकडे आणला तेव्हा तो थरथरत होता, अंग तापलेलं, बाहुल्या मोठ्या, पाय ताठ. फ्लुओक्सेटिन मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं आणि अमिट्राझ ते मोडू देत नाही. दोन्ही एकत्र आली की जिवावर बेततं. साबणानं अंग धुतलं, सलाईन लावलं, दोन रात्री जागलो. वाचला. गोळी लिहून देताना मी गोचिडांचं विचारलंच नव्हतं, ती चूक माझी. आता चिठ्ठीवर लाल शाईनं लिहिते: अमिट्राझचं पाणी नाही, त्याचा गळ्यातला पट्टाही नाही. "आज गोळी चुकवते, उद्या अंघोळ घालते" हेही चालत नाही, कारण फ्लुओक्सेटिन अंगात कित्येक आठवडे राहतं. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध चालू असेल तर तेही आधी सांगा.

आजीची गोळी अंदाजानं अर्धी करून देऊ नका. फिट येणाऱ्या कुत्र्याबद्दल आधी बोला. खाजेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन (हीही डिप्रेशनचीच गोळी) चालू असेल तर अ‍ॅलर्जीच्या त्वचाचाचणीआधी सांगा, नाहीतर निकाल चुकतो. माणसांचं गोड सिरप आणलंत तर त्यात झायलिटॉल आहे का ते वाचा, कुत्र्याला ते विष आहे.

आणि गोळीसोबत सराव हवाच. त्या लॅब्रेडॉरला नंतर रोज दोन मिनिटं, मग पाच, मग दहा मिनिटं एकटं ठेवायला शिकवलं.