टेक्सासमध्ये विकत घेण्याजोग्या खाजगी नोटा शोधताना

घर किंवा शेतजमीन विकणाऱ्यानेच खरेदीदाराला कर्ज द्यायचे आणि हप्ता बँकेत न जाता थेट विक्रेत्याच्या हाती पडायचा, असे व्यवहार टेक्सासच्या ग्रामीण भागात, मोबाइल होमच्या जागांवर आणि बँका सहसा कर्ज देत नाहीत अशा स्वस्त घरांवर नेहमी होतात. अशा व्यवहारातली प्रॉमिसरी नोट (कर्ज फेडण्याचे सहीचे लेखी वचन) सवलतीत विकत घ्यावी आणि पुढचे हप्ते आपण घ्यावेत, ही कल्पना वाचकांना ठाऊक आहे असे मी धरून चालते. नोटेचा परतावा कसा काढावा हे शिकवणारे पायलीला पन्नास मिळतात. विकाऊ नोट मुळात सापडते कुठे, हे विचारले की बहुतेकांची गाडी अडते. नोकरी सांभाळून हा शोध घेताना माझी दमछाक झाली आणि अजूनही होते, म्हणून हे लिहीत आहे.

पहिले ठिकाण म्हणजे काउंटी क्लार्कचे दप्तर, जिथे जिल्ह्यातले जमीनजुमल्याचे दस्त नोंदले जातात, आणि पुष्कळ काउंट्यांची सूची आता ऑनलाइन पाहता येते. तिथले ‘डीड ऑफ ट्रस्ट’ (कर्जापोटी मालमत्ता तारण ठेवल्याचे दस्त) उघडून कर्ज देणाऱ्याच्या जागी बँक, क्रेडिट युनियन किंवा मॉर्गेज कंपनी आहे, की एखादी व्यक्ती, दांपत्य वा कौटुंबिक ट्रस्ट आहे, एवढेच पाहत जायचे. सोबत नोंदलेल्या ‘वॉरंटी डीड विथ व्हेंडर्स लीन’मध्ये (विक्रेत्याचा बोजा कायम ठेवणाऱ्या विक्रीखतात) विकणारा आणि कर्ज देणारा एकच निघाला, तर तुम्ही योग्य दस्तावर आला आहात. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारला कळवण्याची सक्ती नाही, त्यामुळे घर कितीला गेले हे दप्तरात मिळेलच असे नाही. कर्जाचा मूळ आकडा मात्र डीड ऑफ ट्रस्टमध्ये बहुधा असतो. त्यानंतर ‘रिलीज ऑफ लीन’ (बोजा उतरल्याचा दस्त) किंवा ‘ट्रान्सफर ऑफ लीन’ (बोजा दुसऱ्याच्या नावे गेल्याचा दस्त) नोंदले गेले आहे का, हे तपासावे, कारण फिटलेल्या किंवा आधीच विकलेल्या नोटेच्या धन्याला पत्र धाडण्यात काही हशील नाही. उलट, कर्ज फिटूनही रिलीज नोंदवायचे राहून गेलेले असू शकते, तेव्हा दप्तरात जिवंत दिसणारी प्रत्येक नोट जिवंत असतेच असे नाही. मालमत्ता कराची स्थितीही लगेच पाहून घ्यावी. टेक्सासमध्ये कराचा बोजा नोटेच्या पुढे उभा राहतो आणि ३१ जानेवारीपर्यंत न भरलेला कर १ फेब्रुवारीपासून थकीत धरला जातो.

विकत मिळणाऱ्या तयार याद्यांबद्दल माझे मत वाईट आहे. तीच यादी आणखी अनेकांनी घेतलेली असते, आणि म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टपालपेटीत एकाच छापाची पाच पत्रे पडली की तो पाचही कचऱ्यात टाकतो. स्वतः काढलेल्या नावांना साधे, पानभराचे पत्र लिहावे, त्यात दस्ताची तारीख आणि मालमत्तेचा उल्लेख असावा, आणि काही महिन्यांनी तेच पत्र पुन्हा पाठवावे. नोट विकण्याची गरज दवाखाना, वारसांची वाटणी किंवा घटस्फोट यांतून अचानक उभी राहते. तुमचे पत्र आले त्या दिवशी ती नसली तरी पुढच्या खेपेस असू शकते. पहिल्या खेपेला एकही फोन आला नाही म्हणून खचून जाऊ नये, हे मी मनापासून सांगते.

दुसरा मार्ग माणसांचा. हप्त्यांनी विक्री करणारा नफा वर्षानुवर्षे विभागून दाखवतो, त्यासाठी आयकर विवरणपत्रासोबत फॉर्म ६२५२ भरतो, आणि खरेदीदार त्या घरात राहत असेल तर व्याजासोबत त्याचे नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक त्याच विवरणपत्राच्या शेड्यूल बीमध्ये द्यावा लागतो. म्हणजे नोट कोणाकडे आहे हे त्याच्या सीपीएला (कराचे काम पाहणाऱ्या हिशेबनीसाला) पक्के माहीत असते. सीपीए अशिलाचे नाव सांगणार नाही आणि तुम्ही विचारूही नये, पण तुमचे पत्र तो पुढे पोहोचवू शकतो. वारसाहक्काची कामे करणारे लहान गावांतले वकील याहूनही उपयोगी, कारण वारसांना बहुधा रोकड हवी असते, पुढची पंधरा वर्षे हप्ते गोळा करण्याची हौस नसते. दलालांची साखळी मात्र टाळावी: ज्याने नोटेच्या धन्याशी कधी बोलणेच केलेले नाही, असा चौथा दलाल तुम्हाला एक्सेलची फाईल पाठवतो आणि प्रत्येक जण आपले कमिशन त्यात मिळवत आलेला असतो.

आता मला अडकवणाऱ्या गोष्टीबद्दल जरा विस्ताराने लिहिते. काउंटीत नोंदला जातो तो डीड ऑफ ट्रस्ट. नोट सहसा नोंदली जात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७२ मध्ये कार्पेंटर विरुद्ध लाँगन या खटल्यात सांगून ठेवले आहे की नोट ही मुख्य आणि तारण तिच्या अनुषंगाने येणारे. नोट गेली की तारण तिच्यामागोमाग जाते, पण नोटेवाचून केलेले नुसत्या तारणाचे हस्तांतर निरर्थक होय. तेव्हा पैसे मोजून जी वस्तू घ्यायची ती म्हणजे शाईच्या सहीचा मूळ कागद, आणि त्याच्या पाठीवर किंवा त्याला जोडलेल्या अलाँजवर (जोडपानावर) तुमच्या नावे केलेले पृष्ठांकन, म्हणजे हस्तांतराची सही. माझ्या एका व्यवहारातले विक्रेते वयस्कर आणि सज्जन होते. हप्त्यांची नोंद त्यांनी स्पायरल वहीत पेन्सिलीने ठेवली होती, दर ओळीला चेकचा क्रमांक, मधे कुठेतरी ‘रोख, अर्धे’, आणि ती वही बँकेच्या कागदांशी चोख जुळत होती. नोटेची स्कॅन केलेली प्रत स्वच्छ होती. मूळ प्रत क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या दिवशी आणतो, म्हणाले. टायटल सर्च (मालकीहक्काचा शोध), मूल्यांकन, वकील हा सगळा खर्च झाल्यावर उघड झाले की पूर्वी शेतीच्या यंत्रासाठी घेतलेल्या कर्जापोटी ती नोट त्यांनी एका स्थानिक बँकेकडे गहाण ठेवली होती, आणि ते स्वतःच हे विसरून गेले होते. पैसे टायटल कंपनीच्या एस्क्रोमध्ये (व्यवहार पुरा होईपर्यंत तिऱ्हाइताने राखून ठेवलेल्या खात्यात) असल्यामुळे परत मिळाले. वर झालेला खर्च बुडाला.

गहाण नोटेचा हा बोजा काउंटीच्या दप्तरात दिसेलच असे नाही, हे नीट लक्षात घ्या. कर्ज देणारा नोट आपल्या ताब्यात ठेवून, किंवा राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे यूसीसी-१ हा तारणहक्काच्या नोंदीचा अर्ज दाखल करून आपला हक्क पक्का करतो. म्हणून विक्रेत्याच्या नावाने यूसीसीचा शोध घ्यावाच, आणि त्यात काही न निघाले तरी कागद कोणाच्या ताब्यात आहे हे विचारावेच, कारण नुसत्या ताब्यानेही काम भागते. पहिल्याच फोनवर प्रश्न करावा की मूळ नोट या क्षणी कुठे आहे. कपाटात असेल तर प्रत्येक पानाचे पुढून-मागून छायाचित्र मागावे, आणि ते येईपर्यंत एक डॉलरही खर्च करू नये. नोट हरवली असेल तर प्रतिज्ञापत्रावर आणि नुकसानभरपाईच्या हमीवर व्यवहार करणारे लोक आहेत. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, मग सवलत कितीही घसघशीत असो. शिल्लक रक्कम, व्याजदर आणि शेवटचा हप्ता यांबद्दल ऋणकोचे सहीचे पत्रही घ्यावे.

किमतीच्या बोलण्यात बहुतेक नोटा हातच्या जातात. एक लाख डॉलरची, ६ टक्क्यांची, २० वर्षांची नोट घ्या: हप्ता ७१६.४३ डॉलर, आणि पाच वर्षांनी शिल्लक सुमारे ८४,९०० डॉलर. तुम्हाला १२ टक्के परतावा हवा असेल तर किंमत जेमतेम ५९,७०० येते, आणि हा आकडा ऐकून विक्रेता फोन ठेवतो. त्यात त्याचे काही चुकत नाही, शिवाय नोट विकली की पुढे ढकललेला कर एकदम अंगावर येतो. अशा वेळी केवळ पुढचे ६० हप्ते विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवावा. त्याच परताव्याने त्यांची किंमत सुमारे ३२,२०० होते, आणि पाच वर्षांनी जवळपास ६४,५०० डॉलर शिल्लक असलेली नोट विक्रेत्याकडे परत जाते. त्याची आजची नड भागते आणि तुमचे भांडवलही मालमत्तेच्या किमतीच्या मानाने फार सुरक्षित राहते. त्याच्या करावर या व्यवहाराचा काय परिणाम होईल, हे त्याने आपल्या सीपीएला विचारावे. नवख्यांनी संपूर्ण नोटेच्या मागे लागूच नये, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यावर माझ्याशी वाद घालणारे बहुधा कोर्स विकणारे असतात. विमानतळाजवळच्या हॉटेलात शनिवार-रविवारचे शिबिर घेणाऱ्या गुरूंपेक्षा टेक्सासमधल्या रिअल इस्टेट वकिलाचा एक तास स्वस्त पडतो.

त्याच तासात वकिलाला आणखी काही विचारून घ्यावे. विक्रेत्याचे स्वतःचे बँककर्ज खाली शिल्लक ठेवून वर नोट लिहिलेली असेल, तर तुमचा हक्क दुसरा ठरतो, आणि घर विकले गेल्यामुळे ते बँककर्ज एकरकमी मागण्याचा बँकेचा अधिकार १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने मान्य केलेला आहे. खरेदीदार त्या घरात राहत असेल, तर डॉड-फ्रँक या वित्तीय सुधारणा कायद्याखालचे, घरकर्जांबाबतचे जानेवारी २०१४ पासूनचे नियम पाळले गेले होते का, हेही पाहावे लागते. एच-१बीवर असणाऱ्यांनी पत्रे पाठवून पद्धतशीर खरेदी करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचे मत घ्यावे, कारण गुंतवणूक कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो हे आपण ठरवत नाही. मंडळाच्या गणपतीत भेटलेले मित्र ‘आमचेही पैसे लावा’ म्हणतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणावे. अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवले की रोख्यांचा कायदा लागू होऊ शकतो, आणि ते नवख्याचे काम नव्हे.

सुरुवातीला एकच काउंटी धरा, शक्यतो जिथे शनिवारी गाडीने जाऊन घर बाहेरून पाहून येता येईल अशी. तीन ते सात वर्षे जुने दस्त आधी घ्या: त्याहून ताज्या नोटेचा धनी हप्त्यांवर अजून खूश असतो, आणि फार जुन्या नोटेत विकत घेण्यासारखे थोडेच उरते.