गूगलवरून आलेला माणूस पानावर टिकावा म्हणून

सर्चमधून आलेला माणूस पहिल्या स्क्रीनवरच उत्तर शोधतो. सापडलं नाही की बॅक दाबून निकालांतल्या खालच्या साइटवर जातो. गूगलच्या 'नॅव्हबूस्ट' यंत्रणेत क्लिकची माहिती क्रमवारीसाठी वापरली जाते, हे २०२३ साली अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात साक्षीतून समोर आलं. अ‍ॅनालिटिक्समधला बाउन्स रेट (पुढे काहीच न करता परतणाऱ्यांचं प्रमाण) मात्र रँकिंगला लागत नाही, असं गूगल सांगतं. तेव्हा तो आकडा सजवत बसू नका, पान दुरुस्त करा.

आधी सर्च कन्सोल (आपली साइट गूगल सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडा. 'परफॉर्मन्स'मध्ये गेले ३ महिने निवडा आणि सरासरी ५ ते १५ क्रमांकावर असलेले, इम्प्रेशन (निकालांत किती वेळा दिसलात) भरपूर पण क्लिक कमी, असे शोधशब्द बाजूला काढा. रोमन लिपीत टाइप केलेलेही बघा, आपल्याकडे ते खूप असतात.

समजा, कोथरूडमधल्या घरगुती मेसची साइट आहे आणि लोक शोधतायत 'कोथरूड मेस महिन्याचा दर'. पान उघडतं 'आमच्याविषयी'ने. दर अगदी तळाशी, तोही फ्लेक्सच्या फोटोत, म्हणजे मोबाइलवर बोटांनी मोठा करून वाचायचा. इथेच गिऱ्हाईक जातं. दराचा तक्ता टाइप करून सगळ्यात वर घ्या: एक वेळ, दोन वेळ, डबा पोचवण्याचे वेगळे. त्याखाली डबा कुठपर्यंत जातो (डहाणूकर कॉलनी, कर्वे पुतळा, पौड रस्ता), रविवारी फीस्ट आहे का, संध्याकाळी बंद असतं का. मग फोन नंबर, टॅप केला की थेट कॉल लागेल असा. टायटलमध्ये, म्हणजे गूगलच्या निकालात दिसणाऱ्या शीर्षकात, 'दर' लिहिलंत तर दर दिसलाच पाहिजे. शीर्षक एक आणि आत दुसरंच, याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

आता वेग. पेजस्पीड इनसाइट्समध्ये (पानाचा वेग मोजणारं गूगलचं साधन) मोबाइलचे आकडे बघा: एलसीपी (पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (टॅपला पान प्रतिसाद द्यायला लावतं तो वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत, सीएलएस (मजकूर किती हलतो याचं माप) ०.१ च्या आत, आणि तेही ७५ टक्के भेटींमध्ये. बहुतेकदा घोळ वरच्या फोटोचा असतो. फोनमधला ४ एमबीचा फोटो तसाच न चढवता १२०० पिक्सेल रुंदीचा वेबपी (फोटोचा हलका फॉरमॅट) करा, १५० केबीच्या आसपास आणा. कोडमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो येताच मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. लेझी लोडिंग (फोटो स्क्रीनजवळ आला की मगच लोड करणं) खालच्या फोटोंना लावा. सगळ्यात वरच्याला लावलंत तर एलसीपी आणखी बिघडतो.

मराठी मजकूर १८ पिक्सेल, ओळींची उंची अक्षराच्या १.७ पट ठेवा. त्याहून दाटीत वेलांट्या आणि उकार एकमेकांना खेटतात, डोळे थकतात. फॉन्टची दोनच वजनं (साधं आणि ठळक अशा जाड्या) लोड करा. पान उघडताच स्क्रीन झाकणारा पॉपअप काढून टाका.

एका वेळी एकच पान बदला, ४ आठवडे थांबा. मेसचा शोध जूनमध्ये कॉलेजं उघडली की आपोआप वाढतो, त्यामुळे मे महिन्याशी तुलना केली तर फसाल. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, तेव्हा जूनची तुलना मागच्या जूनशीच करा.