विद्यापीठाची शिफारस आपल्या खाचरापर्यंत कशी आणावी

कर्जतच्या संशोधन केंद्रात भातावरील संशोधन १९१९ पासून चालू आहे आणि ठाण्याहून कर्जत लोकलने गेल्यास तिथे पोहोचायला फार वेळ लागत नाही. इतक्या जवळ असूनही मुरबाड, शहापूर आणि भिवंडीतील कित्येक भातखाचरांपर्यंत तिथले ज्ञान पोहोचते ते दुकानदाराच्या तोंडून, अर्धवट आणि बहुधा एखाद्या पिशवीच्या विक्रीबरोबर. ज्यांची नोकरी ठाणे, कल्याण किंवा नवी मुंबईत आहे आणि वडिलोपार्जित दोन-चार एकर भात गावी आहे, अशा कुटुंबांना हा दुवा स्वतः जोडता येतो. आमच्या घरी तो जोडायला तीन पावसाळे गेले. त्यातून हाती आलेली रीत इथे मांडत आहे.

प्रथम शिफारस, म्हणजे कोणती जात, खत किंवा पद्धत वापरावी याचा विद्यापीठाचा सल्ला, तयार कशी होते ते समजून घ्यावे. कोकणासाठी हे काम दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून करते आणि कर्जतचे केंद्र याच विद्यापीठाचे आहे. केंद्राच्या प्रक्षेत्रावर काही हंगाम चाचण्या होतात, नंतर वेगवेगळ्या ठिकाणी आणि काही शेतकऱ्यांच्या शेतावर त्या पुन्हा घेतल्या जातात, आणि राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, जिला सगळे जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात, तपासून घेतल्यावरच ती ‘शिफारस’ होते. तिथून पुढे ती कृषी विज्ञान केंद्राकडे, आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन) यंत्रणेकडे आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयामार्फत गावच्या कृषी सहायकाकडे येते. याचा अर्थ असा, की शिफारस अनेक ठिकाणच्या अनुभवातून काढलेली असते. आपल्या वरकस (उताराच्या, पाणी न थांबणाऱ्या) तुकड्यावर किंवा पाणथळ खाचरात ती जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही, आणि विद्यापीठाचेही तसे म्हणणे नसते. ती आपल्या जमिनीवर पडताळून पाहणे हे विस्ताराचेच, म्हणजे संशोधन शेतापर्यंत नेण्याचेच, काम आहे, आणि त्यातला अर्धा वाटा शेतकऱ्याने उचलायचा असतो.

म्हणून कार्यालयात जाण्याआधी आपला प्रश्न नीट लिहून काढावा. ‘भाताचे उत्पन्न वाढत नाही, काय करावे?’ या प्रश्नाला कोणताही अधिकारी उपयोगी उत्तर देऊ शकत नाही. याउलट ‘आमचे वरच्या अंगाचे बारा गुंठे वरकस आहे, पाऊस ओसरला की आठ दिवसांत भेगा पडतात, आम्ही जी जात लावतो ती त्याच सुमारास पोटरीत (लोंबी बाहेर पडण्याआधी) असते, तर याहून हळवी (लवकर तयार होणारी) जात कोणती?’ असे विचारले तर समोरचा माणूस लगेच वही ओढतो. जमीन वरकस, माळ, खाचराची की खारी. पाणी किती दिवस उभे राहते. गेल्या दोन वर्षांत कोणती जात, केव्हा पेरली, केव्हा कापली. खोडकिडा, करपा किंवा तुडतुडे कोणत्या महिन्यात दिसले. एवढे एका पानावर मावते. सोबत माती परीक्षणाचा अहवाल असावा. नमुना घेताना इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा सुमारे वीस सेंटिमीटर खोल खड्डा करून एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी, शेताच्या सात-आठ ठिकाणची माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. बांधालगतची, झाडाखालची आणि शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये. खाचर आणि वरकस यांचे नमुने कधीही एकत्र करू नयेत.

आता कोणाकडे जावे, हे पाहू. पहिली पायरी गावचा कृषी सहायकच. त्याचे पदनाम अलीकडे सहायक कृषी अधिकारी असे झाले आहे, परंतु गावात जुनेच नाव चालते. त्याच्याकडे अनेक गावे असतात, त्यामुळे गावात येण्याचा वार विचारून घ्यावा आणि शनिवार-रविवारी भेटेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी एक रजा खर्ची घालावी लागते आणि ती घालावी. भातजातींचा प्रश्न असेल तर कर्जत केंद्र, आणि भिवंडीच्या खाडीकाठची किंवा नवी मुंबईपलीकडची खारी जमीन असेल तर पनवेलचे खार जमीन संशोधन केंद्र, कारण पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या जाती तिथल्याच आहेत. डहाणू तालुक्यातील कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा विभागल्यावर पालघरमध्ये गेले. शहापूरच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्यांना तिथले काम पाहण्यासारखे आहे, कारण पाऊस आणि जमीन पुष्कळ मिळतीजुळती आहे. तातडीच्या प्रश्नासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मात्र पीक डोळ्यांनी पाहिल्याखेरीज जे सांगता येत नाही ते फोनवर विचारण्यात अर्थ नाही. रोगट चूड (रोपांचा झुबका) मुळासकट उपटून, ओल्या कागदात गुंडाळून केंद्रात नेला तर दहा फोनांपेक्षा अधिक उलगडते.

ही सगळी धावपळ एप्रिलमध्ये व्हायला हवी. रोहिणीत धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत) पेरणी करणाऱ्याने मृगाचा पाऊस पडल्यावर केंद्रात जाऊन उपयोग नसतो. तोवर बियाणेही संपलेले असते. बियाणे घेताना पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचावी: पैदासकार बियाण्याची पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी, प्रमाणित बियाण्याची निळी. आम्हाला एका वर्षी हळवे म्हणून जे बियाणे विकले गेले ते प्रत्यक्षात गरवे, म्हणजे उशिरा तयार होणारे, निघाले आणि वरकस जमिनीत ते दाण्यावर आले तेव्हा पाऊस निघून गेला होता. पावती जपलेली नव्हती, चिठ्ठी फेकून दिलेली होती, म्हणून तक्रारीला आधारच उरला नाही. तेव्हापासून चिठ्ठी, पावती आणि मूठभर बियाणे कापणी होईपर्यंत एका डब्यात ठेवतो. कर्जत-३ हळवी आहे आणि कर्जत-२ गरवी, हे नावावरून कोणालाही कळत नाही. ते विचारावेच लागते.

यानंतर येतो तो या सगळ्या कामाचा गाभा, म्हणजे स्वतःच्या शेतातले प्रात्यक्षिक. कृषी विज्ञान केंद्रे जिला शेतावरील चाचणी म्हणतात तिचीच ही घरगुती आवृत्ती आहे. पहिल्या वर्षी आम्ही नवी जात खालच्या ओलाव्याच्या खाचरात लावली आणि जुनी वरच्या तुकड्यात, नवीचे उत्पन्न दुपटीच्या जवळ आले आणि घरात आनंद झाला. माझ्या चुलत्यांनी शांतपणे विचारले, “जात जिंकली की खाचर?” त्यांचा प्रश्न रास्त होता. तुलना करायची तर एकच खाचर मधोमध बारीक बांध घालून विभागावे, दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच वयाचे आवण (लावणीची रोपे) लावावे आणि फरक एकाच गोष्टीत ठेवावा: जात बदलली तर खत तेच, खत बदलले तर जात तीच. दोन्ही बदलले तर शेवटी हाती काहीच कळत नाही.

उदाहरण म्हणून डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतील दोन सूत्रे घेऊ, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची दाबून केलेली गोळी. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून खुणा करायच्या, ओळींमध्येही तेच अंतर ठेवायचे, आणि प्रत्येक खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावायचा. त्यामुळे चार चुडांचे लहान लहान चौकोन तयार होतात. त्या प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी हाताने ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबायची. गुंठ्याला सुमारे ६३० गोळ्या लागतात, म्हणजे वजनाने १ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास. गोळी चिखलात शिरताना आधी सैल, मग एकदम घट्ट थर बोटाला लागतो. त्या ठिकाणी ती सोडून वरचा चिखल तळहाताने सारखा करायचा, नाहीतर भोक उघडे राहते आणि खत पाण्यात विरघळून वर येते. आपल्याकडे एका खाचराचे पाणी पुढच्या खाचरात उतरते, त्यामुळे वरून फेकलेला युरिया शेजाऱ्याच्या शेतात किंवा ओढ्यात जातो. गोळीतील नत्र मात्र खालच्या चिखलात धरून राहते आणि मुळांना हळूहळू मिळते. पाच गुंठ्यांत तीन हजारांवर गोळ्या दाबायला आम्हा चौघांना एक सकाळ लागली. मजुरीचा हा हिशेबही वहीत लिहावा, कारण शिफारशीच्या पत्रकात तो सहसा सविस्तर नसतो आणि पद्धत स्वीकारायची की नाही ते पुष्कळदा त्यावरच ठरते.

कापणीच्या वेळी अंदाजाने ‘भारे जास्त निघाले’ असे म्हणू नये. कडेच्या ओळी सोडून दोन्ही भागांत प्रत्येकी पाच मीटर लांब-रुंद चौकोन आखावा, तो वेगळा कापून झोडावा, वारवावा, सारखेच ऊन देऊन तोलावा. जितके किलो भरतील त्याच्या चौपट क्विंटल हेक्टरी उत्पन्न होते. दहा किलो भरले तर चाळीस क्विंटल.

गावात शेतीशाळा भरत असेल तर तिला घरातील जो खरोखर शेत राखतो त्याने जावे, सातबाऱ्यावर नाव असलेल्यानेच असे नाही; आमच्याकडे आई जाऊ लागली तेव्हा किडीची पहिली अंडी पुंजक्यातच ओळखली जाऊ लागली. कृषी महाविद्यालयाच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी, म्हणजे कृषिदूत आणि कृषिकन्या, गावात राहायला येतात. पुष्कळ लोक त्यांना केवळ बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करून दाखवणारी मुले समजतात. ती प्रक्रियाही शिकण्यासारखीच आहे: दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगलेले पोचट दाणे काढून टाकायचे, तळाचे दोन-तीनदा स्वच्छ धुऊन सावलीत सुकवायचे. परंतु त्याहून मोलाचे हे, की त्यांचे प्राध्यापक त्यांच्यामागून गावात येतात. आपली प्रश्नांची वही त्या दिवशी तयार असावी.

राहिला उलट दिशेचा प्रवास, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. राब भाजू नका, म्हणजे रोपे करायच्या जागेवर पालापाचोळा जाळू नका, गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) आवण करा, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले आणि ते योग्यच आहे. पण राब भाजल्याने तणाचे बी मरते, हे शेतकऱ्याचे कारण कोणी ऐकून त्याला उत्तर दिले तेव्हाच त्या गावांत गादीवाफे दिसू लागले. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे हे शेतकरीच. नांगरणी, चिखलणी आणि लावणी टाळून गादीवाफ्यावर साच्याने भात टोकण्याचे त्यांचे सगुणा राईस तंत्र शेतात जन्मले आणि मग कृषी विभागाच्या कार्यक्रमांत गेले. आपले निरीक्षण एवढे मोठे नसेल, तरी ते वर गेले पाहिजे. दोन्ही तुकड्यांची वजने, तारखा, पाऊस केव्हा थांबला, मजुरी किती लागली आणि काय जमले नाही, हे एका पानावर लिहून त्याच्या दोन प्रती काढाव्यात. एक प्रत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात देऊन दुसरीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी, आणि तीच माहिती कर्जतच्या केंद्रालाही पाठवावी. जॉइंट ॲग्रेस्कोची बैठक साधारणतः खरिपाच्या तोंडावर होते, तेव्हा हे पान दिवाळीनंतर झोडणी आटोपताच, वाल पेरून झाले की लगेच, पोहोचते करावे.