रेबीज : दावणीपासून उसाच्या फडापर्यंत या चुका टाळा

म्हैस लाळ गाळायला लागली, वैरण खाईना, पाणी गिळेना, की आपल्याकडं अंदाज ठरलेला : घशात काहीतरी अडकलंय. मग घरातला कुणीतरी बाही सरसावून कोपरापर्यंत हात घालतो. कोल्हापूरच्या गावागावांत दावणीला जनावरं आहेत, म्हणून ही चूक आधी सांगतोय. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात म्हणून गिळता येत नाही, आत काही अडकलेलं नसतं. विषाणू त्या लाळेतच असतो, आणि उसाच्या पाल्यानं चिरलेली बोटं कुणाची नसतात? हंबरण्याचा आवाज बदललाय, सारखी कळ देतेय, अंगावर येतेय, असं दिसलं तर मागच्या काही महिन्यांत गोठ्यात कुत्रं शिरलं होतं का ते आठवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. हात घालून झाला असेल तर साबणानं धुवा आणि स्वतःही दवाखान्यात जा.

अशा म्हशीची धारसुद्धा काढू नका. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास रिकामा करणारी आपण माणसं, पण आजारी जनावराचं कच्चं दूध कुणाच्याच ओठाला लागू नये. उकळीनं विषाणू मरतो, तेव्हा चहातून दूध गेलं असेल तर घाबरू नका.

कुत्र्याच्या बाबतीत फसवणारी समजूत म्हणजे पाण्याची. ‘पाणी पितंय, म्हणजे पिसाळलेलं न्हाई.’ पाण्याची भीती माणसाला झालेल्या रेबीजचं लक्षण आहे, पिसाळलेलं कुत्रं पाण्याजवळ जाऊ शकतं. शिवाय प्रत्येक कुत्रं धावून चावत सुटत नाही. काही कोपऱ्यात, अंधारात गप्प पडून राहतात, जबडा लोंबतो. त्यांची कीव येऊन लोक तोंडात भाकरीचा तुकडा सारायला जातात. मला सगळ्यात जास्त भीती या कुत्र्यांची वाटते.

चावल्यावर चुना, तिखट, तंबाखू भरणं अजून थांबलेलं नाही. त्यानं जखम आणखी चिघळते आणि धुवायची वेळ वाया जाते. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडं सरकतो. त्याला बहुधा 1 ते 3 महिने लागतात, कधी आठवडाभरही पुरतो. लक्षणं दिसल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य, म्हणून जे करायचं ते त्याआधीच. वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं धुवा. विषाणूचं वरचं आवरण स्निग्ध असतं, साबणानं ते फुटतं. मग कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही (विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडं) लागतं, ते विचारून घ्या. सीरमआधी टाके घालायची घाई नको. पोटातल्या 14 इंजेक्शनांचा जमाना गेला. आता लस दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. कातडीत घेतली तर पहिल्या दिवसानंतर 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत घेतली तर 14 व्या दिवशीही.

‘दहा दिवस कुत्रं मरतंय का बघूया, मग लस घेऊ’ हे उलटं गणित. लस आधी सुरू करायची आणि कुत्र्यावर नजर ठेवायची. दहा दिवस ते धडधाकट राहिलं तर पुढचे डोस थांबवायचं का, हे डॉक्टर ठरवतील. हा नियम फक्त कुत्र्या-मांजराचा. ऊसतोडीत फडातून निघालेला कोल्हा, मुंगूस किंवा रानमांजर चावलं तर वाट बघायची सोयच नाही. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडं भरदिवसा माणसाला न भिता फिरणारा कोल्हा दिसला तर पाठलाग करू नका, वनविभागाला कळवा. मेलेल्या कोंबड्या बांधावर फेकणंही बंद करा. त्यावर गावची कुत्री आणि कोल्हे एकत्र येतात, भांडतात, चावतात.

‘घरचंच हाय’ म्हणून लस न दिलेलं कुत्रं रात्री बाहेर असतंच. पहिली लस तिसऱ्या महिन्यात, महिन्याभरानं दुसरी, मग दरवर्षी. पिल्लाचे दात बारीक असले तरी रेबीज पिल्लालाही होतो.

मुलं चावा लपवतात, ‘कशाला छेडलंस’ म्हणून मार बसेल या भीतीनं. पोटरीवर साधा ओरखडा दिसला तरी आधी नळ सोडा. विचारपूस नंतर, आणि ओरडणं तर नकोच.