आडव्या वाऱ्यात पॉवरबोट स्लिपमध्ये कशी लावावी

वारा पडलेला असताना ज्यांना आपली बोट स्लिपमध्ये, म्हणजे जेटींच्या मधल्या एका बोटीपुरत्या जागेत, नीट लावता येते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गिअर कधी टाकायचा, रिव्हर्समध्ये बोट कुठल्या बाजूला ओढते, न्यूट्रल केल्यावर ती किती अंतर पुढे जाते, हे अंगवळणी पडलं नसेल तर आधी शांत दिवशी शिका. जोराच्या वाऱ्यात हे शिकता येत नाही.

उदाहरणासाठी साधारण नऊ मीटरची बोट धरू. मागे एकच आउटबोर्ड (पिछाडीला बाहेर टांगलेलं इंजिन) किंवा स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, प्रॉपेलरचा फिरता भाग बाहेर) आहे, बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, पुढे करून आत घ्यायची आहे आणि वारा स्लिपला आडवा आहे. पिछाडी आधी आत घालण्याचा हट्ट अशा दिवशी नको. आत शिरणं महत्त्वाचं. बोट कुठल्या तोंडानं उभी आहे ते वारा पडल्यावर बदलता येतं.

आधी वारा समजून घ्या

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा वारा २० नॉट झाला, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर, की बोटीवरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. त्यामुळे ‘काल जमलं होतं, आज वारा थोडासाच जास्त आहे’ हा हिशोब चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट त्याहून कामाची. बहुतेक पॉवरबोटींची नाळ उंच आणि हलकी असते, पाण्यात फारशी बुडालेली नसते. मागे इंजिनाचं वजन आणि पाण्यात उतरलेला ड्राइव्ह असतो. त्यामुळे बोट मोकळी सोडली की आधी नाळ वाऱ्याबरोबर वाहते आणि पिछाडी वाऱ्याकडे वळू पाहते. पुढचं सगळं या एका सवयीवर अवलंबून आहे.

तयारी

फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या हवेच्या उशा, दोन्ही बाजूंना, दोर बांधून हाताशी, कोणताही दोर पाण्यात लोंबकळत नाही, इंजिनची सुरक्षा दोरी (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) चालवणाऱ्याच्या अंगाला.

फक्त एका दोराबद्दल सविस्तर सांगतो, कारण तो बहुतेकांकडे नसतोच. बोटीच्या मधल्या क्लीटपासून (दोर गुंडाळायच्या खुंटीपासून) स्लिपच्या तोंडाजवळच्या क्लीटपर्यंत जाणारा हा दोर, मधली स्प्रिंग लाइन. शांत दिवशी बोट स्लिपमध्ये हवी तिथं उभी करा, हा दोर ताणून बांधा आणि बोटीच्या क्लीटवर तो जिथं येतो तिथं पक्की खूण करा. दुसऱ्या टोकाला मोठा फास ठेवा. अशी मोजून ठेवलेली लाइन बोटीला स्लिपच्या आतल्या टोकावर आदळण्याआधी थांबवते. जोराच्या वाऱ्यात लांबीचा अंदाज घ्यायला कुणालाही वेळ नसतो.

गल्लीत शिरताना

वारा स्लिपला आडवा आहे, म्हणजे दोन रांगांमधल्या पाण्याच्या गल्लीत तो लांबीच्या दिशेनं वाहतो आहे. शक्य असेल तर वाऱ्याला तोंड देत या. वाऱ्यामागून यावं लागलं आणि गल्ली पुरेशी रुंद असली, तर पुढे जाऊन वळून परत या. वाऱ्याला तोंड असताना न्यूट्रल केलं की बोट थांबते. वारा पाठीशी असताना न्यूट्रल केलं तरी बोट पुढेच जात राहते.

स्लिपचं तोंड

बोट लागते किंवा बिघडते ती इथं. मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ हाच टप्पा शिकायला लागला, आणि सगळ्यात जास्त वाईट सल्ला याच टप्प्याबद्दल दिला जातो.

सल्ला असा: ‘हळू जा, जितकं हळू तितकं सुरक्षित.’ शांत पाण्यात तो बरोबर आहे. आडव्या वाऱ्यात तो अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा भाग शेजारच्या बोटीवर नेऊन टाकतो. साधं गणित करू. समजा वारा बोटीला एका नॉटनं बाजूला ढकलतो आहे. तुम्हीही एका नॉटनंच पुढे जात असाल तर बोट सरळ न जाता ४५ अंशांत तिरकी सरकते. दोन नॉटनं गेलात तर तोच कोन सुमारे २७ अंश होतो, तीन नॉटला १८. एक नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे अर्धा मीटर. तोंडाशी येऊन न्यूट्रलमध्ये पाच सेकंद विचार करत बसलात की बोट अडीच मीटर बाजूला गेली. तेवढ्यात स्लिप हातची गेलेली असते.

आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्हच्या बाबतीत हे आणखी गंभीर आहे. त्यांना वेगळं सुकाणू नसतं. प्रॉपेलर पाणी ढकलत असेल तेव्हाच चाकाला अर्थ. न्यूट्रलमध्ये चाक कितीही फिरवा, बोट जवळपास ऐकत नाही. म्हणून तोंडाशी घुटमळू नका. थांबायचं असेल, झोत ओसरायची वाट पाहायची असेल, तर ती गल्लीत, वाऱ्याला तोंड करून पाहा. झेंड्यांकडे आणि शिडाच्या बोटींच्या डोलकाठ्यांवर आपटणाऱ्या दोरांकडे लक्ष ठेवा. जोराच्या झोतानंतर बहुधा थोडी उसंत मिळते. ती मिळाली की निघा, आणि निघालात की अडखळू नका. याचा अर्थ थ्रॉटल मारत जा असा नाही. इंजिन आयडलवर, गिअर पुढे, आणि गरजेपुरते छोटे ठोके, म्हणजे क्षणभराचा जोर. एवढ्यानं बोट हाताशी राहते.

आता वळण. वाऱ्याला तोंड देऊन येत असाल तर नेहमीपेक्षा उशिरा वळा, म्हणजे स्लिप थोडी मागे टाकल्यासारखी वाटल्यावर. वळायला लागलात की नाळेवर वारा बसतो, ती भराभर फिरते आणि पूर्ण बोट वाऱ्याबरोबर मागे सरकते. मागे टाकलेलं अंतर वारा परत आणून देतो. वाऱ्यामागून यावंच लागलं तर उलटं करा: नेहमीपेक्षा बरंच आधी वळा आणि वळताना ठोका थोडा जोरात द्या, कारण नाळ वाऱ्याकडे यायला तयार नसते. कुठूनही आलात तरी तोंडाशी पोचताना बोट स्लिपच्या मधल्या रेषेवर नको, त्या रेषेच्या वाऱ्याकडच्या बाजूला हवी.

नजर कुठं ठेवायची? स्लिपच्या तोंडाच्या वाऱ्याकडच्या खांबावर. नाळ त्या खांबाच्या अगदी जवळून आत जाणार, आणि काही क्षण ती त्यावर आदळणार असंच वाटणार. तसं वाटायलाच हवं. स्लिपच्या मध्यावर नेम धरून शिरलात आणि सगळं छान सरळ दिसलं, तर बोट अर्धी आत जाईपर्यंत वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा जिकडे ढकलतो तिकडच्या, खांबावर टेकलेली असेल. आपण किती वाहतो आहोत हे डोळ्यांना लवकर कळत नाही. त्यासाठी समोर दोन गोष्टी एका रेषेत धरा, जवळचा खांब आणि त्यामागचा एखादा दिवा किंवा डोलकाठी. त्या एकमेकींपासून सुटू लागल्या की समजा बोट सरकते आहे, आणि त्याच क्षणी दुरुस्ती करा.

शिरताना बोट थोडी तिरकी असेल, नाळ वाऱ्याकडे आणि पिछाडी वाऱ्याआड. नाळ खांबाच्या आत गेली की चाक वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला फिरवा आणि पुढच्या गिअरचा एक छोटा ठोका द्या. पिछाडी वाऱ्याकडे सरकते, बोट स्लिपला समांतर होते. मग न्यूट्रल, चाक वाऱ्याकडे, आणि आता रिव्हर्स. रिव्हर्स बोटीला थांबवतोही आणि पिछाडीला पुन्हा वाऱ्याकडे ओढतोही. हा क्रम पाठ करा: चाक वाऱ्यापासून दूर आणि पुढे, चाक वाऱ्याकडे आणि मागे. दोन्ही वेळा पिछाडी वाऱ्याकडेच जाते. प्रत्येक वेळी चाक आधी, गिअर नंतर. गिअर टाकल्यावर चाक फिरवलंत तर पहिला धक्का चुकीच्या दिशेनं बसतो, आणि तो परत घ्यायला स्लिपमध्ये जागा नसते.

शाफ्टवर, म्हणजे बोटीखालून जाणाऱ्या न वळणाऱ्या दांड्यावर, एकच इंजिन असलेल्या बोटीचं गणित वेगळं. प्रॉपेलर उजव्या फिरकीचा असेल तर रिव्हर्समध्ये पिछाडी डावीकडे जाते. वारा डावीकडून असेल तर ही ओढ मदतीला येते. उजवीकडून असेल तर ती तुमच्या विरुद्ध आहे, म्हणून रिव्हर्स कमी लागेल इतक्या वेगानं आत या. शाफ्टवर दोन इंजिनं असतील तर चाक सरळ ठेवा आणि फक्त गिअरनं फिरवा.

चुकतंय असं वाटलं तर

माघार कुठून घ्यायची ते शिरण्याआधी ठरवा. माझा नियम: खांबाजवळून आत जाताना नाळ वाऱ्याआड सरकायला लागली आणि एका ठोक्यानं सुधारली नाही, तर बाहेर. बोट अर्धी आत गेल्यावर माघार घेऊ नका. वारा तिला खांबात आडवी अडकवेल.

बाहेर कसं यायचं? रिव्हर्स, आणि पिछाडी वाऱ्याच्या तोंडात धरा. पिछाडीला वाऱ्याकडेच जायचं असतं हे वर सांगितलं. ती सवय इथं वाचवते. पिछाडी वाऱ्यात ठेवून छोट्या छोट्या रिव्हर्सनं बोट गल्लीच्या मध्यावर बराच वेळ स्थिर धरता येते. मागची फळी बुटकी असेल तर लाटेचं पाणी आत येणार नाही इतपतच जोर द्या. मग श्वास घ्या आणि पुन्हा सुरुवातीपासून.

पहिला दोर

स्लिपच्या बाजूची अरुंद जेटी, म्हणजे फिंगर, वाऱ्याकडे असेल तर वारा तुम्हाला तिच्यापासून दूर ढकलतो. इथं खुणेचा मधला दोर पहिला. बोटीचा मध्य फिंगरच्या टोकाच्या क्लीटजवळ आला की फास त्यावर पडला पाहिजे. मग इंजिन आयडलवर पुढे, चाक फिंगरपासून दूर. दोर ताणला जातो आणि बोट आपणहून फिंगरला येऊन चिकटते. गिअर पुढेच राहू द्या, ती तिथंच राहील. बाकीचे दोर आता सावकाश बांधा.

नाळेचा दोर आधी देऊ नका. जेटीवर उभा असलेला कुणी मदतीच्या भावनेनं तो ओढतो, नाळ आत येते आणि पिछाडी शेजाऱ्याच्या बोटीवर जाते. मदतनीसांना आधीच स्पष्ट सांगा: ओढू नका, फक्त फास क्लीटवर टाका. तुमच्याबरोबर बोटीवर असलेल्यानं उडी मारायची नाही. जेटी पावलाच्या अंतरात आली तरच उतरायचं. हातानं किंवा पायानं बोट अडवायची नाही, हे लहान मुलांना सांगावं तितक्या वेळा सांगा. काही टन वजन आणि खांब यांच्यामध्ये हाड टिकत नाही. अडवायचंच असेल तर एक मोकळा फेंडर हातात धरून मध्ये घाला.

फिंगर वाऱ्याआड असेल तर काम सोपं: फेंडरवर हलकेच टेकू द्या, वाऱ्याकडच्या खांबावरचे दोर मात्र लगेच लावा.

बो थ्रस्टरवर, म्हणजे नाळ बाजूला ढकलणाऱ्या छोट्या प्रॉपेलरवर, विसंबू नका. लहान बोटींवरचे विजेवर चालणारे थ्रस्टर काही मिनिटांच्या वापरापुरतेच बनवलेले असतात. झोत चढला की तापून बंद पडतात, तेही नेमके लागतात तेव्हा. दुरुस्तीसाठी ठीक, योजनेचा आधार म्हणून नाही.

दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर रांगेच्या टोकाची मोकळी जेटी किंवा इंधनाची जेटी मागून घ्या, तिथं बोट बांधा आणि वारा उतरल्यावर स्लिपमध्ये या. किनाऱ्यावरचा दिवसाचा समुद्री वारा बहुधा सूर्यास्तानंतर ओसरतो.

आत आल्यावर क्रम असा: मधला दोर, मग वाऱ्याकडचा नाळेचा, मग वाऱ्याकडचा पिछाडीचा, मग वाऱ्याआडचे. वाऱ्याकडचे नाळ आणि पिछाडीचे दोर दुहेरी करा, जिथं घासतात तिथं कापड किंवा नळी चढवा, आणि हे सगळं झाल्यावरच गिअर न्यूट्रल करून इंजिन बंद करा.