पिवळा पट्टा दिसला म्हणून पाया खोदू नका: बेळगाव भागात जागा घेताना या चुका टाळा

बेळगाव तालुक्यात जागेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "एनए (बिगरशेती) आहे का?" समोरच्यानं हो म्हटलं की मंडळी निर्धास्त. खरं तर त्याच्याआधी विचारायला हवं की मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे त्या भागाच्या नियोजनाच्या नकाशात, त्या सर्व्हे नंबरवर काय दाखवलंय, आणि ते तसं का दाखवलंय. यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी फिरकत नाही आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

झोन, म्हणजे कुठल्या जागेचा वापर कशासाठी हे ठरवणारे नकाशावरचे पट्टे, ही सरकारनं लोकांना हेलपाटे घालायला लावण्यासाठी काढलेली युक्ती, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. बळ्ळारी नाल्याच्या काठची शिवारं भर पावसाळ्यात एकदा बघून या. भातपीक दिवसेंदिवस पाण्याखाली असतं. तिथं कुणी टिप्परनं मुरूम आणून चार फूट भर घातली, तर त्याचं घर कोरडं राहील, पण तेवढं पाणी शेजारच्याच्या वाफ्यात जाईल. असा पट्टा नकाशावर शेतीत ठेवण्यामागं हे कारण असतं. रहिवासी पट्ट्यात मोठा कारखाना नको, अरुंद गल्लीत चार मजले नकोत, या नियमांनाही आवाज, उजेड, बंब आत शिरायला वाट अशीच साधी कारणं आहेत. कारण माहीत असलं की नियमाची पळवाट सांगणारा एजंट लगेच ओळखू येतो.

मोबाइलवरचा नकाशा

व्हॉट्सअॅपवर आलेला मास्टर प्लॅनचा फोटो, त्यावर बोटानं दाखवलेला पिवळा भाग आणि "बघा, रहिवासी झोन!" यावर लाखांचा विसार दिला जातो. कर्नाटकातल्या नकाशांत पिवळा रंग रहिवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक हे बरोबर आहे. पण एकच सर्व्हे नंबर दोन रंगांत विभागलेला असू शकतो. तुमच्या हिश्श्यावरून नियोजित रस्ता गेलेला असू शकतो. शिवाय 1961 च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्यानं मास्टर प्लॅन दर दहा वर्षांनी तपासायला सांगितलाय, म्हणजे हातातला फोटो जुन्या प्लॅनचाही असू शकतो.

करायचं ते एवढंच: सर्व्हे नंबर, हिस्सा आणि 11-ई नकाशा (हिश्श्याचा मोजणी नकाशा) घेऊन बुडाकडे, म्हणजे बेळगाव नगर विकास प्राधिकरणाकडे, जा आणि झोनचा दाखला लेखी घ्या. निपाणी, चिकोडी, खानापूरकडची जागा असेल तर आधी तिथं कोणतं नियोजन प्राधिकरण लागू आहे ते विचारा. दिशांक अॅपवर उभ्या जागी सर्व्हे नंबर कळतो, तेवढ्यापुरतं ते चांगलं आहे. झोनसाठी त्याचा आधार घेऊ नका.

एका कागदाचं काम दुसऱ्याकडून करून घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. उतारा जमीन कुणाच्या नावे आणि किती हे सांगतो. खरेदीखतानं मालकी बदलते. खाता, म्हणजे कराच्या वहीतली नोंद, घरपट्टी कुणाकडून घ्यायची ते ठरवतो. जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 खालचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, म्हणजे आपलं एनए, शेतीचा वापर बदलायला परवानगी देतो. नगर नियोजन कायद्याच्या कलम 17 खालची लेआऊट मंजुरी एका जमिनीचे प्लॉट पाडायला, आणि बांधकाम परवाना घर बांधायला. झोन या सगळ्यांच्या मुळाशी असतो, पण यातल्या कुठल्याही एका कागदावर भागत नाही.

एनए आदेश नीट वाचा. त्यात कशासाठी रूपांतर केलंय ते लिहिलेलं असतं. "वसती" लिहिलेल्या जागेत गोदाम उभारलं तर तो आदेश तुमच्या कामाचा नाही. दोन एकर एनए असली आणि मालकानं चुन्याच्या रेघा मारून गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे विकले, तर लेआऊट मंजुरीशिवाय ते तुकडेच राहतात. बाँडवर घेतलेल्या जागेबद्दल तर बोलायलाच नको. तिथं रजिस्ट्रेशनच नसतं, मग पुढचं काय?

पंचायतीच्या ई-स्वत्तूमध्येही (मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीत) हीच गफलत होते. तिथल्या 11बी नमुन्यात नाव चढलं म्हणजे पंचायतीनं कर घ्यायला नोंद केली. त्यानं झोन बदलत नाही, आणि विनापरवाना बांधकाम अधिकृत होत नाही. पट्टीची पावती फ्रेम करून ठेवली तरी नाही.

चंदगडच्या पाहुण्यांचा सल्ला

हद्दीवरच्या गावांचा हा खास घोटाळा. भाऊ बेळगावात, बहीण चंदगडला दिलेली. दाजी सांगतात, "अरे, गावठाणाला लागून आहे ना, मग एनए कशाला?" त्यांच्याकडे ते खोटं नाही. महाराष्ट्राच्या महसूल कायद्यात कलम 42-ड नुसार गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जागेला रहिवासासाठी ठरावीक अटींवर अशी सवलत आहे, आणि बांधकामाला तिथली 2020 ची एकत्रित नियमावली आहे. शिनोळीतून इकडं आलात की कायदा कर्नाटकाचा. मधे एक ओढा असला तरी.

उलट्या दिशेनंही फसगत होते. कर्नाटकानं 2020 मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली 79-ए आणि 79-बी ही कलमं काढली, त्यामुळं शेतकरी नसलेल्यालाही इथं शेतजमीन घेता येते. विकत घेता येते म्हणजे बांधताही येते, असा अर्थ लोकांनी परस्पर काढला. जांबोटी, कणकुंबीच्या रस्त्याला "फार्महाऊस प्लॉट"चे बोर्ड या गैरसमजावर उभे आहेत. शेतकऱ्याला स्वतःच्या वापरासाठी धारणेच्या 10 टक्क्यांच्या आत फार्महाऊस बांधायला कायदा मुभा देतो, पण ते भाड्यानं देऊन धंदा करायला नाही. तिथं रिसॉर्ट किंवा होमस्टे काढायचा विचार असेल तर तो वेगळा वापर झाला आणि त्याची परवानगीही वेगळी. खानापूरच्या त्या पट्ट्यात वनखात्याची हद्द आणि भीमगड अभयारण्य जवळ आहे, हेही आधी बघा.

यादीतल्या दोन रांगा

झोनिंग नियमावलीत प्रत्येक झोनखाली दोन याद्या असतात. पहिलीतले वापर सरळ चालतात. दुसरीतले "विशेष परिस्थितीत, प्राधिकरणाच्या परवानगीनं". लोक दुसरी यादी पहिलीसारखी वाचतात. दुसऱ्या यादीतला वापर मागता येतो, पण तो मिळायलाच हवा असा हक्क नाही.

वडगाव, खासबागला घरात माग चालतात, मग मी रहिवासी झोनमध्ये वर्कशॉप का काढू नये, हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर मोटारीची घोडाशक्ती, जागा आणि कामगार यांच्या मर्यादेत असतं. छोटा घरगुती उद्योग नियमात बसतो, पत्र्याच्या शेडमधलं लेथ मशिनांचं कामकाज बहुधा बसत नाही. लाइट कनेक्शन मागण्याआधी ती मर्यादा नियमावलीत वाचा. शेजाऱ्यानं केलंय हे कारण कुठल्याही अर्जात चालत नाही. त्याचं जुनं असेल, किंवा त्याला नोटीस यायची असेल.

झोन बरोबर, तरी अडकलात?

मग दुसरं काहीतरी आडवं आलंय. राष्ट्रीय महामार्गालगत असाल तर रस्त्याच्या मध्यापासून 40 मीटरची बांधकाम रेषा मोजा. कॅम्पमध्ये कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कारभार वेगळा, आणि लष्कराच्या हद्दीलगत बांधायचं तर त्यांची हरकत आहे का ते पाहावं लागतं. सांबऱ्याच्या बाजूला विमानतळाची उंचीची ना-हरकत लागते. त्यात दिलेली उंची समुद्रसपाटीपासून असते. समजा दाखल्यावर 790 मीटर आहे आणि तुमची जमीनच 755 वर आहे, तर हातात उरले 35 मीटर, पाण्याची टाकी आणि अँटेना धरून.

आणि ज्यांनी शेतजमिनीचा तुकडा आधीच घेतलाय त्यांनी अक्रम-सक्रमची, म्हणजे अनधिकृत बांधकामं नियमित करण्याच्या योजनेची, वाट बघत बसू नये. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2017 मध्ये त्या योजनेला स्थगिती दिली. झोनचा लेखी दाखला काढा. रहिवासी निघाला तर त्या सर्व्हे नंबरमधल्या सगळ्या प्लॉटधारकांनी आणि मूळ मालकानं एकत्र येऊन रूपांतर आणि लेआऊटचा अर्ज करावा. रस्ते, बाग, नागरी सुविधांसाठी जागा सोडावी लागेल, प्रत्येकाचा प्लॉट थोडा आक्रसेल आणि भांडणं तिथंच होतील. शेती निघाला तर नगर नियोजन कायद्याच्या कलम 14-ए खाली वापरबदल मागता येतो, पण नाल्याकाठची जागा असेल तर वकिलाची फी देण्याआधी पावसाळ्यात तिथं उभं राहून बघा. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. काउंटरवर तोंडी सांगितलेलं "होत नाही" पुढं अपिलात दाखवता येत नाही.